कॉम्प्युटरला गेम कंट्रोलर कसा जोडायचा?

कंट्रोलर जोडला आणि गेममध्ये काहीच हललं नाही, तर तो बिघडलाय असं लगेच समजू नका. मी कुठलाही कंट्रोलर याच क्रमाने तपासतो.

१. केबल: आधी यूएसबी केबलने जोडा. मोबाईलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतात. लाईट लागते, पण विंडोजला कंट्रोलर दिसत नाही. अशा वेळी केबल बदलून बघा.

२. ब्लूटूथ: एक्सबॉक्स कंट्रोलरच्या वरच्या कडेचं पेअरिंग बटण ३ सेकंद दाबून धरा. पीएस४ कंट्रोलरवर शेअर आणि पीएस ही बटणं एकत्र धरा. लाईट भराभर लुकलुकली की विंडोजच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडा. २०१३ च्या पहिल्या एक्सबॉक्स वन कंट्रोलरमध्ये मात्र ब्लूटूथ नाही.

३. तपासणी: विंडोज की आणि आर एकत्र दाबा. जे-ओ-वाय, डॉट, सी-पी-एल असं टाईप करून एंटर मारा आणि प्रॉपर्टीज उघडा. प्रत्येक बटण दाबून बघा. स्टिकला हात न लावताही खूण सरकत राहिली, तर तो ड्रिफ्ट. कंट्रोलर नवा असेल तर परतीची मुदत संपायच्या आत बदलून घ्या.

४. गेम: इथे सगळं चालतंय, पण गेममध्ये नाही? बहुतेक नवे गेम एक्सइनपुट ही पद्धत ओळखतात, तर बरेच जुने कंट्रोलर डायरेक्टइनपुट वापरतात. कंट्रोलरवर एक्स आणि डी असा स्विच असेल तर तो एक्सवर ठेवा. पीएस४ कंट्रोलर असेल तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये स्टीम इनपुट चालू करा.

एवढं करूनही चाललं नाही, तरच नव्या कंट्रोलरचा विचार करा.