गोदाखोऱ्यातील सातवाहनकालीन काष्ठवास्तू : पुरावा आणि त्याचा अभाव

प्रस्तावना :
जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी आणि आसपासची गावे ज्या गोदाखोऱ्यात वसली आहेत, ते खोरे प्राचीन काळी प्रतिष्ठान नगरीच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या प्रभावक्षेत्रात मोडत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण व तगर (तेर) ही दक्षिणापथातील प्रमुख बाजारपेठांची नगरे म्हणून उल्लेखिली आहेत. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या, तर पैठणहून तगर दहा दिवसांच्या अंतरावर असून तेथील माल गाड्यांतून बंदरावर येतो, असे हा अनामिक लेखक सांगतो. रोमन साम्राज्याशी इतका निकटचा व्यापार करणाऱ्या या नगरांतील घरे, वखारी व दुकाने कशाची होती, हा प्रश्न मात्र इतिहासग्रंथांत क्वचितच विचारला जातो. विटांचे व दगडी अवशेष सापडतात म्हणून त्यांचे वर्णन होते. लाकूड सापडत नाही म्हणून ते विस्मरणात जाते.

उत्खननाची मर्यादा :
जालना जिल्ह्यातीलच भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केले. तेथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे साम्य पॉम्पी येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी आहे. पॉम्पी नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेल्याने या संबंधास कालनिश्चितीच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. हस्तिदंत टिकला, मृद्भांडी टिकली, मणी टिकले. त्यांना आश्रय देणारे छप्पर मात्र टिकले नाही.

याचे कारण भूमीत आहे. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. ओल आणि शुष्कता यांच्या या आलटून पालटून होणाऱ्या माऱ्यात, शिवाय वाळवीच्या प्रदेशात, लाकूड फार काळ टिकणे अशक्यप्राय आहे. लंडनमध्ये वॉलब्रुक या ओढ्याच्या काठी २०१० ते २०१४ या काळात झालेल्या उत्खननात रोमनकालीन लाकडी इमारतींचे अवशेष आणि चारशेहून अधिक लाकडी लेखनपाट्या मिळाल्या; त्यांपैकी एका पाटीवर इ. स. ५७ मधील ८ जानेवारीची तिथी आहे. सतत पाण्याने भरलेल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या चिखलामुळेच ते शक्य झाले. गोदाखोऱ्यात चिखलाची वाण नाही, पण तो बारमाही नाही.

दुसरे कारण माणसाच्या व्यवहारात शोधावे लागते. मराठवाड्यातील माळवदाचे घर पडले, की मालक प्रथम तुळया व खांब काढून घेतो. ते विकले जातात किंवा नव्या घरात बसविले जातात. मागे उरते ती माती. सातवाहनकालीन गृहस्थ याबाबतीत आजच्या शेतकऱ्यापेक्षा उधळा असेल, असे मानण्याचे कारण नाही. म्हणूनच उत्खननात खांब मिळण्याऐवजी खांबाचा खळगा मिळतो; आणि भोवतालच्या मातीहून निराळ्या रंगाचा तो गोल डाग ओळखणे, हे कुदळीचे नव्हे तर नजरेचे काम आहे. इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन घरांचे आराखडे याच पद्धतीने उलगडले गेले.

लेण्यांची साक्ष :
जमिनीने जे गिळले, ते डोंगराने काही अंशी राखून ठेवले आहे. भाजे येथील चैत्यगृहाचे दर्शनी अंग मुळात लाकडी होते. ते नष्ट झाल्याने आज सभागृह पूर्णतः उघडे दिसते. पण चौकट बसविण्यासाठी खोदलेल्या खाचा व भोके खडकात स्पष्ट आहेत. आतील खांब किंचित आत कललेले आहेत. कमानदार छपराचा रेटा सहन करण्यासाठी लाकडी खांब असे कलते रोवावे लागत. अखंड खडकात त्याची काहीच आवश्यकता नव्हती. छतास लावलेल्या लाकडी फासळ्यांवर ब्राह्मी लेखही आढळले असून म. ना. देशपांडे यांनी ते १९५९ मध्ये प्रसिद्ध केले.

कार्ले येथील चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब व १४ मीटर उंच आहे. तेथे सागवानी फासळ्या आणि स्तूपावरील लाकडी छत्र आजही पाहावयास मिळते. जगात इतरत्र रोमनकालीन लाकूड बहुधा मातीखालून काढावे लागते. येथे ते मूळ जागी, डोक्यावर आहे. या फासळ्या कसलाही भार पेलत नाहीत, म्हणून त्यांना निव्वळ 'अनुकरण' म्हणण्याची प्रथा पडली आहे. हे मत अपुरे वाटते. कार्ल्याच्याच एका शिलालेखात धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी याने द्वार घडविल्याची नोंद असून त्याचा व्यवसाय 'वढकी', म्हणजे सुतार, असा दिला आहे. पाषाणाचे द्वार सुतार घडवितो, ही बाब लक्षणीय होय. सामीच्या दृष्टीने तो अनुकरण करीत नव्हता. नेहमीचेच काम निराळ्या साहित्यात करीत होता. जुन्नरच्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीचा निर्देश आहे. धर्मदायाचा पैसा विश्वासाने सोपवावा इतकी पत या कारागिरांच्या संघटनेस होती.

सागरापलीकडील साग :
'पेरिप्लस'मध्ये भडोचहून इराणच्या आखातातील बंदरांकडे जाणाऱ्या मालात सागाच्या तुळयांचा समावेश आहे. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या इजिप्तच्या बंदरात १९९४ पासून झालेल्या उत्खननांत भारतीय सागवान मोठ्या प्रमाणात मिळाले. जुनी जहाजे मोडून त्यांचे लाकूड तेथील इमारतींत पुन्हा वापरले गेले, असे संशोधक मानतात. वाळवंटातील कोरड्या हवेने ते राखले. ते सह्याद्रीतीलच असेल असे म्हणता येत नाही. तथापि रोमनकालीन भारतीय सागाचा इमारतीतील वापर पैठणपेक्षा इजिप्तमध्ये अधिक चांगला अभ्यासता यावा, ही वस्तुस्थिती विचार करावयास लावणारी आहे.

पांढरीचा प्रश्न :
मराठवाड्यात गावठाणाच्या जमिनीस 'पांढरी' म्हणतात. तिची माती शतकानुशतके पडलेल्या घरांची, राखेची व शेणाची असते. म्हणूनच ती भिंतींसाठी, माळवदासाठी आणि शेतात खत म्हणून नेण्याचा परिपाठ आहे. टोपलीने माती नेली जात होती तोवर झीज मंद होती. यंत्राच्या एका दिवसाच्या कामाने मात्र टेकाडाचा मोठा भाग नाहीसा होतो. त्यात नाणे वा मूर्ती दिसली तर निदान चर्चा तरी होते. खांबाचा खळगा कोणालाच दिसत नाही, कारण तो म्हणजे केवळ मातीच्या रंगातला फरक, आणि माती उचलली की तो फरकही उचलला जातो. गोदाकाठच्या गावांतील पांढरीची नोंद महसुली नकाशे व प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे गाववार करणे हे महाविद्यालयीन इतिहास विभागांच्या आवाक्यातील काम आहे. त्यास उत्खननाचा परवाना लागत नाही; उन्हाळ्याच्या सुट्टीतील काही आठवडे आणि गावातील वडीलधाऱ्यांशी बोलण्याची तयारी लागते. कोणत्या टेकाडातून कोणत्या साली माती नेली, हे त्यांना अजून आठवते.