'हम्मा'वाल्या माणसाची स्वतःची गाणी

'हम्मा हम्मा' तुम्ही ऐकलंय. 2017च्या 'ओके जानू'मधलं नवं रूप तरी नक्कीच. मूळ गाणं 1995च्या 'बॉम्बे' सिनेमातलं. चाल ए. आर. रेहमानची, हिंदी शब्द मेहबूब यांचे आणि आवाज रेमो फर्नांडिसचा. माझ्या वयाच्या बहुतेकांना रेमो माहीत आहे तो इतकाच. फार तर 1998चं 'प्यार तो होना ही था'. तेही संगीत जतिन-ललित यांचं.

म्हणजे गंमत बघा, ज्या माणसाची खरी ओळख स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणारा अशी, तो आपल्या लक्षात राहिला दुसऱ्यांच्या गाण्यांमुळे!

मला हे कळलं मामामुळे. त्याच्याकडे म्हापशाला घेतलेली 'गोवन क्रेझी' नावाची कॅसेट होती. लहानपणी मला वाटायचं, हा कुठला तरी फॉरेनचा बँड. मामा हसला. म्हणाला, "अरे, बँड कसला? एकटाच आहे तो. शिवोलीचा."

रेमोचा जन्म 1953चा, बार्देशातल्या शिवोलीचा. मुंबईत जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकला आणि गाण्याकडे वळला. त्या काळात आपल्याकडे इंग्रजी गाणारे बँड होते, पण ते मुख्यतः परदेशी गाणी वाजवायचे. स्वतःचं इंग्रजी गाणं, तेही गोव्यातल्या माणसांवरचं, विकत कोण घेणार?

म्हणून 1984 साली त्याने 'गोवन क्रेझी' घरीच रेकॉर्ड केली, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर. हे यंत्र जरा समजून घ्या. तुमच्या फोनवरच्या फुकट ॲपमध्येही आज चारापेक्षा जास्त ट्रॅक असतात. तेव्हा एका ट्रॅकवर गिटार, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर ताल. ते तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे, की पहिले तीन पुन्हा मोकळे. पण एकदा मिसळलं की मिसळलं. मागे जाऊन गिटारचा आवाज कमी करायची सोय नाही, आणि प्रत्येक वेळी टेपची खरखर थोडी वाढणार. वाद्यं त्याचीच, सगळे आवाज त्याचेच, कव्हरवरचं चित्रसुद्धा त्यानेच काढलेलं. मग कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः पोचवायच्या. आज आपण 'इंडी आर्टिस्ट' म्हणतो ना, ते हेच. फक्त पेट्रोलचा खर्च वेगळा.

पुढच्याच वर्षी 'ओल्ड गोवन गोल्ड' आली, गोव्याच्या जुन्या गाण्यांची. मग 'पॅक दॅट स्मॅक'. स्मॅक म्हणजे हेरॉइन. ऐंशीच्या दशकात मुंबई-गोव्यात पोरं त्यात बुडत होती आणि हा पठ्ठ्या नाचायच्या तालावर त्यांना सांगत होता, बाबांनो, सोडा हे. उपदेशाची गाणी मला सहसा सोसत नाहीत. हे सोसतं, कारण ते वरून बोलत नाही.

'हेलो राजीव गांधी'ची कथा तर ऐकाच. पंतप्रधान गोव्यात आले असताना रेमोने ते गाणं त्यांच्यासमोरच गायलं. स्वागत होतं, पण खऱ्या गोव्याच्या चार गोष्टीही ऐकवल्या होत्या. स्थानिक पातळीवर टीका झाली, हा काय उद्धटपणा! खुद्द राजीव गांधींनी मात्र कार्यक्रम आवडल्याचं पत्राने कळवलं. आजचा एखादा गायक असं गाणं समोर उभं राहून म्हणेल का? मला शंका आहे.

1987 साली 'जलवा' आला आणि रेमो हिंदी सिनेमाच्या प्रेक्षकांपर्यंत पोचला. 2007 साली पद्मश्रीही मिळाली. सिनेमाने त्याला घराघरांत नेलं, याबद्दल तक्रार नाही. पण ॲपवर त्याचं नाव टाकलं की माझ्या फोनवर आधी 'हम्मा' येतं, आणि 'गोवन क्रेझी'साठी बरंच खाली जावं लागतं.

मामाची कॅसेट आता वाजत नाही, टेप चिकटलीय. तिची खरखर मात्र मला पाठ आहे. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला ती सगळ्यात जास्त होती.