‘काहून’ आणि ‘कायले’

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या वनबहुल मुलखातील मराठीला झाडीबोली म्हणतात. तिच्यात कारण विचारण्यासाठी ‘काहून’ हे क्रियाविशेषण, म्हणजे क्रियेचे स्थळ, काळ, रीत किंवा कारण दर्शविणारा शब्द, आजही सर्रास ऐकू येते. नागपूर-वऱ्हाडातही ते रूढ आहे. प्रमाण मराठीत मात्र त्याची जागा ‘का’ने घेतली असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या कानाला ते उगाचच गावंढळ वाटते.

‘काहून’ची फोड दोन प्रकारे करता येते. ‘का म्हणून’ झिजून ते झाले असावे, ही पहिली फोड अर्थाच्या दृष्टीने सोयीची आहे. परंतु ‘म्हणून’ बोलण्यात झिजते तेव्हा त्याचे ‘म्हून’ किंवा ‘मून’ होते, म्हणजे मकार टिकतो, आणि ‘काहून’मध्ये त्याचा मागमूस नाही. दुसरी फोड ‘का’ला पंचमीचा, म्हणजे एखादी गोष्ट कोठून निघाली हे सांगणारा, ‘हून’ प्रत्यय लागल्याची असून तीच अधिक पटणारी आहे. संस्कृतातील ‘कस्मात्’ हे रूपही पंचमीचेच, आणि त्याचाही अर्थ ‘का’. कारणाला उगम मानण्याची ही सवय मराठीत खोल रुजलेली आहे. ‘त्यामुळे’ म्हणताना आपण मूळच उच्चारतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. खुद्द ‘काय’ हे सर्वनामही जुनेच. बाराव्या शतकात हेमचंद्राने अपभ्रंशाच्या व्याकरणात ‘किम्’ची ‘काइं’ आणि ‘कवण’ अशी रूपे नोंदविली असून त्यांतच आजच्या ‘काय’ व ‘कोण’ यांची पूर्वरूपे दिसतात.

‘काहून’च्या शेजारी विदर्भात ‘कायले’ नांदते. यातील ‘ले’ हा प्रमाण मराठीतील ‘ला’ असल्याने ‘कायले’ हेतू विचारते. रोवण्याच्या दिवसांत बांधीवर, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतावर, उशिरा पोचलेल्याला ‘काहून उशीर झाला बा?’ असे विचारले जाते. पण ‘आता कायले आला?’ म्हटले की प्रश्नाचा ठपका होतो.

इंग्रजीतील आता अप्रचलित झालेले ‘व्हेअरफोर’ या दुसऱ्या, म्हणजे हेतू विचारणाऱ्या, घराण्यातले आहे. त्याचा मूळ अर्थ ‘कशासाठी’. तरीही १५९७ साली प्रथम छापल्या गेलेल्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधील ज्युलिएटच्या प्रश्नात अनेकांना ‘कुठे’ ऐकू येते, वस्तुतः ती ‘का’ असे विचारते. गोंदिया जिल्ह्यातील देवरीच्या पूर्वेला हद्द ओलांडून छत्तीसगडात शिरले की याच प्रश्नाला ‘काबर’ म्हणतात, आणि तेथील ‘बर’चा अर्थही ‘साठी’च आहे.