ग्रामरक्षण व वस्तीरक्षण, महाराष्ट्रातील

ग्रामरक्षण व वस्तीरक्षण, महाराष्ट्रातील : रहिवाशांनी आपली घरे व चीजवस्तू यांचे चोरी-दरोड्यांपासून सामुदायिक रीत्या रक्षण करण्याची व्यवस्था. मराठा अमदानीत पाटलाच्या देखरेखीखाली जागल्या हे काम करी. प्रदेशपरत्वे तो रामोशी, भिल्ल, महार वा मांग असे. रात्रीची गस्त घालणे, गावात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यांवर नजर ठेवणे आणि प्रत्येक रहिवाशाच्या वर्तनाची माहिती राखणे, ही त्याची कर्तव्ये होत.

एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात या व्यवस्थेचे वर्णन आढळते. चोरी झाल्यास जागल्या चोराचा माग काढी. माग शेजारच्या गावाच्या शिवेत पोहोचल्याचे सिद्ध झाले, की पुढील जबाबदारी त्या गावावर पडे. माग जेथे खुंटे, तेथील जागल्याला यथाशक्ती व उरलेली भरपाई गावाला द्यावी लागे. अर्थात रक्षणाच्या यशापयशाची कसोटी नुकसानभरपाई हीच होती. तथापि गरीब जागल्यावर तिचा भार पडे व निरपराध गावालाही दंड सोसावा लागे, हा तिचा दोष होय.

पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) पुरंदर परिसरातील रामोशांची चाकरी व वतने गेली. राखणदारीचा मोबदला बुडाल्याने निर्माण झालेला असंतोष उमाजी नाईकाच्या उठावामागील एक कारण ठरला. पुढे मुंबई इलाख्यात १८६७ च्या कायद्याने ग्रामपोलिसांची व्यवस्था झाली. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झालेला मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटलाची नियुक्ती शासनाकडून होऊ लागली व वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आला.

नागरी वस्त्यांत जुनी व्यवस्था टिकू शकत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) विस्तारात सामावलेल्या मुकुंदवाडीसारख्या मूळच्या गावांत बाहेरून आलेल्यांची वस्ती वाढली, की परका कोण हे ओळखणेच कठीण होते. तेथे शेजाऱ्यांची परस्पर ओळख जाणीवपूर्वक घडवावी लागते. भिवंडीत १९७० व १९८४ च्या दंगलींनंतर पोलिसांनी स्थापिलेल्या मोहल्ला समित्यांनी हेच साधले. त्यांचा हेतू मात्र जातीय सलोख्याचा होता. मुंबईत १९९२-९३ मध्ये दंगली उसळल्या असता भिवंडी शांत राहिली.

अशा उपक्रमांचे मूल्यमापन अवघड असते. लोकांचा विश्वास वाढला, की पूर्वी न सांगितलेल्या चोऱ्यांचीही फिर्याद होते आणि नोंदींत गुन्हे वाढल्याचे दिसते. अमेरिकेतील सिॲटल शहरात १९७३ नंतर घरफोडीविरुद्ध शेजारगट, घरांची तपासणी व वस्तूंवर खुणा करण्याचा कार्यक्रम राबविण्यात आला. तेव्हा केवळ पोलीस-नोंदींवर विसंबून न राहता कार्यक्रमापूर्वी व नंतर घरोघरी विचारणा करण्यात आली. शेजारच्या वस्तीत गुन्हे सरकले काय, हेही पाहावे लागते. जुन्या व्यवस्थेत माग शिवेपलीकडे गेला, की एका गावाची जबाबदारी संपे. आजच्या मूल्यमापनास ती शीव ओलांडावी लागते.