दुसरे टिळक

आम्ही रत्नागिरीकर ‘टिळक’ म्हटले की लोकमान्यांपाशीच थांबतो. याच जिल्ह्यात, करजगावी, १८६१ साली नारायण वामन जन्मले, हे मलाही उशिराच कळले. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी लक्ष्मीबाईंचा सुमारे ५ वर्षे वियोग सोसला. एवढी किंमत मोजलेल्याने त्या विधीचा आग्रह धरला असता, तर नवल नव्हते. पण १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुला! देवाने अमक्याच दाराने माणसे आत घ्यावीत, ही अपेक्षाच त्यांनी सोडली असावी. श्रद्धा काही उणावली नाही. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्र त्यांनी ओवीबद्ध करावयास घेतले होते. १९१९ साली ते गेले. अपुरा ग्रंथ मग लक्ष्मीबाईंनीच पुढे नेला.