परगावचा सामना

बाजव्याच्या आम्हा जुन्या मराठी घरांत क्रिकेट हा निष्ठेचा प्रश्न होता. मुंबई केंद्र मध्यमलहरींवर लागे. पण या लहरी रात्री आकाशातून परतून दूरवर पोहोचतात, दिवसा मात्र जमिनीलगत क्षीण होत जातात. आणि सामने तर दिवसाचे! बाळ ज. पंडितांचे समालोचन आम्ही खरखरीतून वेचून घेत असू.

घरचा पराक्रम त्याहून जुना. मार्च १९४७ मध्ये बडोद्यास होळकरांविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात तीन बाद ९१ वर सांगलीचे विजय हजारे आणि लाहोरचे गुल महंमद एकत्र आले, ते ५७७ धावांची भागी करूनच थांबले: हजारे २८८, गुल महंमद ३१९. बडोदे एक डाव ४०९ धावांनी जिंकले. हा उच्चांक २००६ पर्यंत टिकला. (होळकर नि गायकवाड, दोन्ही आपलेच, हळहळायचे तरी कोणासाठी?)

अमेरिकेत २००२ साली बेसबॉलचा सामना प्रथमच इंटरनेटवर थेट दिसला. पुढे वर्गणीची व्यवस्था आली, तीत दूरच्या संघांचे सामने खुले, गावच्या संघाचे मात्र बंद! स्थानिक वाहिनीचा हक्क आडवा येई. आम्हांला हे उलटे वाटले नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या उपउपान्त्य सामन्यात मुंबईच्या शेवटच्या जोडीने, तनुष कोटियन व तुषार देशपांडे यांनी, बडोद्याविरुद्ध २३२ धावा केल्या. दोघांचीही शतके. देशपांड्यांच्या शतकाला आमच्या घरात टाळी पडली, आणि नातवाने रागाने विचारले, "आजोबा, आपण कोणाचे?"