शब्दसंपत्ती (विद्यार्थ्यांची)

ज्या शब्दांचा अर्थ विद्यार्थ्याला कळतो आणि जे शब्द तो बोलताना-लिहिताना वापरतो, त्यांच्या एकूण साठ्यास शब्दसंपत्ती किंवा शब्दसंग्रह म्हणतात. ऐकून वा वाचून कळणारे शब्द प्रत्यक्ष वापरातील शब्दांपेक्षा नेहमीच अधिक असतात. कळणारा शब्द वापरात आणणे हा भाषाशिक्षणाचा मोठा भाग होय. नुसत्या याद्या पाठ केल्याने तो साधत नाही. शब्द निरनिराळ्या वाक्यांत पुन्हापुन्हा भेटावा लागतो.

बोली आणि प्रमाण मराठी

घरची बोली पुस्तकी भाषेहून वेगळी असेल, तर मुलाच्या शब्दसंपत्तीचा अंदाज हमखास चुकतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग हा गोव्याच्या सीमेवरचा तालुका याचे चांगले उदाहरण आहे. तेथे घरोघरी मालवणी बोलली जाते, सीमेपलीकडची कोंकणी कानावर असते आणि शाळेत प्रमाण मराठी शिकवली जाते. 'माका' (मला), 'खंय' (कुठे), 'आवस' (आई) म्हणणाऱ्या मुलाचे वर्गात हसे झाले, तर ते बोलणेच टाळते आणि शब्द कमी असलेले ठरते. वस्तुतः त्याच्याजवळ 'तरवो' (भाताची रोपे), 'कुणगो' (भातशेतीचा तुकडा), 'व्हाळ' (ओढा) असे शेतीपाण्याचे नेमके शब्द असतात. 'बोंडू' हा शब्द तर प्रमाण मराठीत 'काजूचे फळ' असा फोड करूनच सांगावा लागतो.

म्हणून घरचा शब्द खोडून काढण्याऐवजी त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द ठेवणे अधिक उपयोगी पडते. फसव्या जोड्या मात्र मुद्दाम दाखवाव्या लागतात. मालवणीत 'चेडू' म्हणजे मुलगी, तर मराठीत 'चेंडू' हे खेळणे. 'झील' म्हणजे मुलगा, पण हिंदीच्या पुस्तकात तोच शब्द तलावासाठी येतो.

शब्दांची घडण

एका घटकावरून अनेक शब्द उलगडतात. महाराष्ट्र व गोवा यांच्या संयुक्त तिलारी प्रकल्पामुळे या भागातील मुलांना 'पुनर्वसन' हा शब्द लहानपणीच ऐकू येतो. त्यातील 'पुनर्' म्हणजे पुन्हा हे कळले, की 'पुनर्विचार', 'पुनर्रचना', 'पुनर्जन्म' यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 'जलाशय' शब्दावरून 'जलसंधारण', 'जलविद्युत' यांकडे जाता येते.

शब्दाचे मूळ सांगितल्यासही तो लक्षात राहतो. 'काजू' हा शब्द ब्राझीलमधील तुपी भाषेतून पोर्तुगिजांमार्फत आला. 'चावी', 'पगार', 'बटाटा' व 'घमेले' हेही पोर्तुगीजमधून आलेले शब्द आहेत.

कोशांचा वापर

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये व त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखालील 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला. १९५० मध्ये पुरवणी विभाग आला. त्यात कोकण, गोवा अशा प्रदेशांतील शब्द संक्षेपखुणांनिशी नोंदलेले आहेत. घरचा शब्द छापील कोशात शोधून काढणे हा वरच्या वर्गांसाठी सोपा आणि बिनखर्चाचा उपक्रम ठरतो. आद्याक्षराचा क्रम, लिंग आणि व्युत्पत्ती पाहण्याची सवय त्यातच लागते.